प्रश्न कसा विचारावा?

संघप्रवेशाच्या निमित्ताने नवागत खेळाडूंचा होणारा छळ मोजण्यासाठी अमेरिकेतील आल्फ्रेड विद्यापीठाने केलेली पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा कृत्यांची यादी समोर ठेवताच सुमारे ८० टक्के खेळाडूंनी त्यांपैकी काही ना काही सोसल्याचे सांगितले. ‘तुमचा छळ झाला काय?’ या प्रश्नास मात्र केवळ १२ टक्क्यांनी होकार दिला. लखनौत अशी पाहणी करू इच्छिणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. उत्तर प्रदेशात रॅगिंगविरोधी कायदा २०१० मध्ये झाला. परंतु मध्यरात्री उठाबशा काढावयास लावणे यास वसतिगृहातील नवा खेळाडू रॅगिंग म्हणेलच असे नाही. तो त्यास रीत समजेल, किंवा संघातील स्थान जाईल या भयाने गप्प राहील. म्हणून नाव न विचारता एकेका कृत्याविषयी पृच्छा करावी.