काकवीच्या हौदात पोहणारा जीव

‘काउंट नॉर्मल आहे, मग मूल का होत नाही?’ आरोग्याच्या या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न वारंवार असतो, आणि बहुतेक वेळा तो बाईच्या हस्ताक्षरात असतो. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाच झालेली असते. त्या रिपोर्टमधला एक आकडा पाहून घरात निकालही लागलेला असतो की दोष सुनेचा. मग तिची सोनोग्राफी, तिच्या गर्भनलिकांची तपासणी, तिची दुर्बिणीची तपासणी, आणि मधूनमधून अंगारे-धुपारे. रिपोर्टच्या त्याच कागदावर काउंटच्या खाली ‘मोटिलिटी’ म्हणून एक ओळ असते. ती कोणी वाचलेली नसते. आज आपण तीच ओळ समजून घेऊ. त्यासाठी थोडे गणित लागेल, पण ते सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

काउंट म्हणजे शुक्राणू किती आहेत. मोटिलिटी म्हणजे ते हलतात का आणि पुढे जातात का. संख्या भरपूर आणि चाल नाही, असे होऊ शकते. उलटही होते. शेपटीसकट शुक्राणूची लांबी मिलिमीटरच्या साधारण अठराव्या भागाइतकी. चांगला पोहणारा शुक्राणू मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर जातो. त्याला गाठायचे असते गर्भाशयाच्या मुखापासून गर्भनलिकेच्या पार टोकाकडचे ठिकाण, म्हणजे पंधरा सेंटीमीटरच्या आसपास. वाटेत गर्भाशयाच्या स्नायूंची हालचाल त्याला मदत करते, पण काही टप्पे त्याला स्वतःच पार करावे लागतात.

हे पोहणे आपल्या पोहण्यासारखे नसते. विहिरीत आपण एक हात मारला की पुढची काही क्षणे शरीर आपोआप सरकत राहते. याला जडत्व म्हणतात. पाण्याचा चिकटपणा आपल्याला अडवतो, पण आपल्या आकाराच्या मानाने तो फार किरकोळ असतो. जडत्व आणि चिकटपणा यांतले कोण वरचढ, हे सांगणारी एक संख्या आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाच्या १८८३ सालच्या प्रयोगांवरून तिला रेनॉल्ड्स संख्या म्हणतात. लांबीला वेगाने गुणायचे आणि द्रवाच्या चिकटपणाच्या मापाने भागायचे. पोहणाऱ्या माणसासाठी ही संख्या लाखांच्या घरात येते. शुक्राणूसाठी ती एकाच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी येते. म्हणजे त्याच्या जगात जडत्वाला काही किंमतच नाही. शेपटी थांबली की तो त्याच क्षणी थांबला.

एडवर्ड पर्सेल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ साली एका व्याख्यानात हे फार छान समजावले होते. त्यांचे म्हणणे असे की, या सूक्ष्म जिवांची अवस्था कळायची असेल तर माणसाला काकवीने भरलेल्या हौदात सोडा आणि सांगा, शरीराचा कोणताही भाग मिनिटाला एक सेंटीमीटरपेक्षा वेगाने हलवायचा नाही. आता पोह! त्यांनी हिशेब करून दाखवले की पोहणारा जीवाणू अचानक थांबला, तर तो एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे घसरत नाही.

याच व्याख्यानातला शिंपल्याचा नियम आमच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्रातला एक शिंपला कवच हळूच उघडतो आणि झटकन मिटतो, त्यातून पाण्याचा झोत निघून तो पुढे जातो. पण हाच शिंपला शुक्राणूएवढा लहान केला तर? हळू उघडा, झटकन मिटा, काही फरक पडत नाही. उघडताना जेवढा मागे गेला तेवढाच मिटताना पुढे येईल, आणि जागच्या जागी राहील. अडकित्ता आठवा. ज्याला एकच सांधा आहे आणि जी हालचाल उलटी केली तरी तशीच दिसते, तिने चिकट जगात प्रवास होत नाही. शुक्राणूची शेपटी नुसती डावी-उजवीकडे आपटत असेल तर तिची गत अडकित्त्यासारखीच होणार.

मग तो पोहतो कसा? लाटेने. निरोगी शुक्राणूच्या शेपटीत डोक्यापासून टोकाकडे लाट सरकत जाते. तिचे चित्रीकरण उलटे चालवले तर लाट टोकाकडून डोक्याकडे येताना दिसेल. उलट आणि सुलट वेगळे दिसतात, म्हणून इथे शिंपल्याचा नियम आडवा येत नाही. जेफ्री टेलर या इंग्रज गणितज्ञाने १९५१ साली याचे पहिले नेटके गणित मांडले. त्यांनी शुक्राणू घेतलाच नाही. एक लांबलचक पातळ पत्रा चिकट द्रवात लाटेसारखा हलतो आहे, एवढीच कल्पना केली. उत्तर असे आले की लाटा छोट्या असतील तेव्हा, शेपटीचे झटके दुप्पट झाले तर वेग दुप्पट होतो, पण लाटेची उंची निम्मी झाली तर वेग एकदम चौथ्या हिश्शावर येतो. शेपटी जोमाने थरथरत असली तरी लाट उथळ असेल तर शुक्राणू फारसा पुढे जात नाही, याचे कारण या साध्या सूत्रात आहे.

१९५५ साली ग्रे आणि हॅनकॉक यांनी समुद्री साळिंदर या प्राण्याच्या शुक्राणूंवर पुढचे गणित केले. काकवीत एक बारीक तार बुडवा. ती लांबीच्या दिशेने ओढली तर कमी जोर लागतो, आडवी ओढली तर जवळजवळ दुप्पट. शुक्राणूचे सगळे इंजिन या फरकावर चालते. शेपटीचा प्रत्येक तुकडा तिरका होऊन आडवा रेटला जातो आणि द्रव त्याला किंचित पुढे ढकलतो. असे सगळे तुकडे जोडून काढलेला वेग सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या वेगाशी जुळला. कागदावरच्या हिशेबाने जिवंत पेशीची चाल सांगितली, ही लहान गोष्ट नव्हे.

आता रिपोर्टकडे येऊ. त्यात शुक्राणूंचे गट पाडलेले असतात. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे जाणारे, ‘नॉन-प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे शेपटी हलते पण जागच्या जागी वळवळणारे, आणि ‘इममोटाइल’ म्हणजे अजिबात न हलणारे. दुसरा गट म्हणजे आपला अडकित्ता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या पुस्तिकेत पुढे जाणाऱ्यांतही जलद आणि मंद असा भेद पुन्हा करायला सांगितले आहे. सेकंदाला २५ मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक म्हणजे जलद. त्याच पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी : वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. घाबरू नये, निरोगी बापांच्या वीर्यातही बहुसंख्य शुक्राणू वेडेवाकडेच असतात.

ही मर्यादा म्हणजे पास-नापासाची रेघ नाही. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने लावले आणि शंभरातल्या पाचव्या माणसाचा आकडा घेतला. म्हणजे त्याच्या खालचे चार-पाच जणही बाप झालेच होते. आकडा वर असला म्हणजे मूल होणारच, असाही अर्थ होत नाही.

शुक्राणूची वाट पाण्यातून जात नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव म्हणजे बारीक धाग्यांची जाळी असलेली जेली. ती चिकट असते आणि ताणली की परत येते. बीज सुटण्याच्या सुमारास ती पातळ, पारदर्शक आणि तार येणारी होते. इतर दिवशी घट्ट असते आणि वाट अडवते. अशा मऊ, लवचीक पदार्थात पोहण्याचे गणित अवघड आहे, आणि गणितज्ञांची उत्तरेही आधी एकमेकांशी जुळेनात. छोट्या लाटांचे गणित सांगत होते की लवचीकपणामुळे वेग घटतो. २०१० साली तेरान, फॉची आणि शेली यांनी संगणकावर मर्यादित लांबीचा, शेपटीच्या टोकाशी जोरात हलणारा पोहणारा तयार केला, तेव्हा काही परिस्थितीत वेग वाढला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, शेपटी कशी हलते यावर उत्तर ठरत होते. सूक्ष्मदर्शकाखालीही घट्ट द्रवात शुक्राणूची चाल बदललेली दिसते. डोके कमी डोलते, हालचाल शेपटीच्या टोकाकडे एकवटते आणि तो अधिक सरळ जातो. काचपट्टीवरच्या थेंबात दिसलेली चाल म्हणजे शरीरातली चाल नव्हे, एवढे यातून घ्यावे.

बहुतेक प्रयोगशाळांतील संगणक शुक्राणूच्या फक्त डोक्याचा माग काढतात. २०१९ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या गणितज्ञांनी आणि संशोधकांनी शेपटीचाच माग काढणारी एक संगणकप्रणाली मोफत खुली केली. शेपटीचा आकार क्षणाक्षणाला टिपायचा आणि वर सांगितलेल्या समीकरणांतून ती किती जोर लावते हे काढायचे. इतक्या बारीक जोराला तराजू नाही, गणितच लागते. आपल्या गावच्या प्रयोगशाळेत मात्र तंत्रज्ञाचा डोळा हेच साधन आहे, आणि नमुना नीट दिला तर ते पुरेसे उपयोगी आहे.

नमुना नीट देणे म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. आधी दोन ते सात दिवस संबंध नसावा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यावा लागला तर बाटली अंगाजवळ, खिशात ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी, थंडीने शुक्राणू मंदावतात. साबण, तेल, थुंकी यांचा वापर नको. साध्या निरोधात नमुना घेऊ नये. वीर्य आधी घट्ट असते, अर्ध्या तासात पातळ होते, आणि तासाभरात तपासणी व्हायला हवी. दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिलेल्या बाटलीतला ‘मोटिलिटी १० टक्के’ हा आकडा माणसाबद्दल काहीच सांगत नाही. नवा शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. एका रिपोर्टवर कोणाच्याही माथी शिक्का मारू नये, बाईच्याही नाही आणि पुरुषाच्याही नाही.

चाल कमी होण्याची कारणे अनेक आहेत. अंडकोशातल्या शिरा फुगणे, ज्याला डॉक्टर व्हेरिकोसील म्हणतात, हे त्यांतले एक. जंतुसंसर्ग, तंबाखू, बिडी-सिगारेट ही आणखी काही. अंडकोश शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावे लागतात, म्हणून भट्टीवर, बॉयलरपाशी काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. व्यायामशाळेत अंग भरायला घेतलेली हार्मोनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात.

क्वचित एकही शुक्राणू हलत नाही. तेव्हा ते मेलेले आहेत की जिवंत पण अचल, ही वेगळी तपासणी मागावी. १९७६ साली ब्यॉर्न आफ्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशा पुरुषांच्या शुक्राणूंच्या शेपटीत लाट उठवणारी प्रथिने गैरहजर असल्याचे दाखवले. त्यांना लहानपणापासून खोकला आणि सायनसचा त्रास होता, काहींचे तर हृदय उजवीकडे होते. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस आणि शुक्राणूची शेपटी यांची आतली रचना एकच असते. म्हणून जुना खोकला ही वंध्यत्वाच्या डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे. शुक्राणू जिवंत असतील तर एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडण्याची पद्धत ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ सालापासून रूढ केली आहे. ती आज भारतातही होते, पण खर्चिक आहे.

इथेच चुंबकाची गोष्ट येते. २००५ साली पॅरिसमध्ये चुंबकीय मण्यांची बारीक साखळी करून ती तांबड्या रक्तपेशीला जोडली आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने शेपटीसारखी हलवून पोहवली. २०१६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन इथे संशोधकांनी अचल शुक्राणूभोवती चुंबकीय स्क्रू अडकवून त्याला प्रयोगशाळेतल्या द्रवात चालवून दाखवले. स्क्रू फिरतो तेव्हा उलट-सुलट वेगळे असते, म्हणून तोही शिंपल्याच्या नियमातून सुटतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही असे चुंबकीय स्क्रू बनतात. २०२२ साली तिथल्या संशोधकांनी ते काढलेल्या दातांच्या सूक्ष्म नळ्यांत खोलवर नेऊन जंतू मारण्यासाठी वापरून पाहिले. ड्रेस्डेनचे काम बैलाच्या शुक्राणूंवरचे आहे, आणि ही गर्भधारणेची उपचारपद्धती झालेली नाही. चुंबकीय पट्टा, चुंबकाचे पाणी किंवा ‘नॅनो’ औषध देऊन शुक्राणूंना वेग आणतो असे कोणी म्हणाला तर पैसे देऊ नयेत. शुक्राणूत चुंबकाने ओढले जाईल असे काही नसते, वरच्या प्रयोगांत चुंबकाने हलते ती बाहेरून जोडलेली वस्तू.

मूल न होण्यामागे पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा जोडीला, साधारण निम्म्या जोडप्यांत सापडते. वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांत स्वस्त, आणि तिला सुई लागत नाही की भूल. तिचा पौरुषाशी काही संबंध नाही. संबंध व्यवस्थित असलेल्या पुरुषाचीही मोटिलिटी शून्य असू शकते. म्हणून पत्नीच्या नळ्यांची किंवा दुर्बिणीची तपासणी ठरवण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट हातात हवा. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून जावे, पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत, आणि नमुना किती वाजता दिला व किती वाजता तपासला, हे त्यावर लिहिलेले आहे का ते पाहावे.