अंतर राखून

मालाड पश्चिमेला लिंक रोडच्या कडेच्या काचेच्या इमारतींत माझी बरीच वर्षं सर्व्हर रूममध्ये गेली. नेटवर्क स्टोअरेजवरच्या फायली रात्रीतून टेपवर जातील अशी व्यवस्था लावून देणं, हे काम. घरी कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगायचो. ‘कॅसेटी भरतो’ म्हटलं असतं तर सोयरीक जमली नसती.

१. टेप कधीच म्हातारी झाली नाही, आपण तिच्याकडे बघणं सोडलं. आयबीएमचं टेपयंत्र १९५२ सालचं. आज आम्ही वापरतो त्या एलटीओ जातीची पहिली टेप २००० साली आली, तिच्यात १०० जीबी मावत. २०२१ च्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी मावतात. तळहातावर राहील एवढ्या डबीत किलोमीटरभराहून जास्त लांबीची रिबीन असते. नवी मुलं सर्व्हर रूममध्ये येतात, टेप लायब्ररीच्या काचेतून रोबोचा हात स्लॉटमधून टेप उचलताना बघतात आणि पहिल्यांदा हसतात. पाच मिनिटांनी मोबाइलवर व्हिडिओ काढत असतात. मीही पहिल्या दिवशी तेच केलं, फक्त तेव्हा मोबाइलला कॅमेरा नव्हता म्हणून नुसता उभा राहिलो.

२. टेप हळू चालते, हा समज मी सर्व्हर रूमच्या दारातच काढून ठेवला. एलटीओ-७ चा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबी लिहू शकतो. एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून येतात जेमतेम शंभर-सव्वाशे. तवा तापून लाल आणि पोळ्या लाटणारा निवांत, अशी गत. ड्राइव्हला पुरेसा डेटा मिळाला नाही की तो थांबतो, रिबीन थोडी मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो. रात्रभर हेच चाललं तर रिबीनही झिजते आणि ड्राइव्हचं हेडही. त्यात लाखो बारक्या फायलींचा फोल्डर आला की बघायलाच नको, स्टोअरेजचा अर्धा जीव फायली शोधण्यातच जातो. म्हणून डेटा आधी डिस्कवर जमा करायचा आणि तिथून एका दमात टेपवर ओतायचा. म्हणजे महागडा ड्राइव्ह घ्या म्हणून भांडायचं आणि तो आला की त्याच्या भुकेसाठी डिस्क मागायला पुन्हा त्याच साहेबांकडे जायचं. साहेबांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

३. मालाडला पहिला धडा हवेने दिला. खाडीच्या बाजूला चिंचोली बंदरचं जुनं डंपिंग ग्राउंड होतं, त्या पट्ट्यात पुढे कार्यालयं उभी राहिली. तिथले कॉम्प्युटर आणि एसी वारंवार बंद पडतात, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत येत. कचरा कुजला की हायड्रोजन सल्फाइड निघतो, चांदी आणि तांब्याला तो काळं करतो. घरातली चांदीची निरांजनं काळी पडतात ती याच घराण्यातल्या वायूंमुळे. सर्किट बोर्डावरही तांबं असतं, आणि २००६ मध्ये युरोपने शिशाला बंदी केल्यावर पुष्कळ बोर्डांवर चांदीचा मुलामाही आला. वायू आणि दमट हवा एकत्र आली की त्या बारीक रेघांवर काळी बुरशी चढावी तसं काहीतरी चढतं. आम्ही सर्व्हर रूमचं तापमान आणि दमटपणा तासातासाला लिहून ठेवत होतो, पण हवेत काय आहे ते कुणी विचारलंच नव्हतं. तांब्या-चांदीच्या छोट्या पट्ट्या महिनाभर खोलीत ठेवून त्यांच्यावर किती थर चढला ते मोजतात, हे मला तेव्हा कळलं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा बरी. नसेल तर कार्बनचे फिल्टर बसवा. गंमत म्हणजे एलटीओ-७ पासूनच्या टेपांवर बेरियम फेराइटचा थर असतो, तो मुळातच ऑक्साइड, त्याला गंजायचं असं काही उरलेलंच नाही. हवा बाधते ती ड्राइव्हला, रोबोला, म्हणजे किमती ऐवजालाच.

४. रोबो हुशार नसतो, आज्ञाधारक असतो. टेपच्या पाठीवरचं लेबल तिरकं चिकटलं की ती टेप त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. लेबलं चिकटवायला मी स्वतः बसतो, कुणाला देत नाही. बढती मिळाल्यावरही.

५. सोयीची किंमत परत आणताना कळते. एनडीएमपी म्हणून एक पद्धत आहे. स्टोअरेज आपला डेटा थेट टेपवर पाठवतं, मधे बॅकअप सर्व्हरला हमाली पडत नाही. मोठ्या स्टोअरेजला हे वरदान. मात्र टेपवर जे उतरतं ते त्या कंपनीच्या स्टोअरेजच्या बोलीत. उद्या दुसऱ्या कंपनीचं स्टोअरेज घेतलं तर त्याला ती बोली बहुधा समजत नाही. खरेदीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य मी दरवेळी म्हणतो. दरवेळी त्याच सुमारास चहा येतो.

६. प्रत मूळ वस्तूपासून लांब हवी, हे सगळ्यांना मान्य असतं. किती लांब, यावर भांडण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या दिवशी पुढच्या गल्लीतली प्रत म्हणजे तळघरातलीच प्रत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढली आणि कितीतरी विभागांच्या फायली जळाल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी कपाटातल्या टेपांना मात्र कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यांना वीज लागत नाही. नेटवर्कमध्ये घुसून फायलींना कुलूप ठोकणाऱ्या चोरालाही लायब्ररीतून बाहेर काढलेली टेप सापडत नाही. हा गुण मला फार उशिरा आवडायला लागला. आधी वाटायचं, टेप बाहेर पाठवणं म्हणजे नुसती कुरिअरची कटकट. कटकट आहेच. जुलैत मालाडच्या सबवेत पाणी भरलं की पेटी घेऊन जाणारा माणूस फोन करतो, ‘सर, उद्या नेऊ?’ आणि पोचलेली टेपही लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही, नव्या खोलीच्या हवेत तिला दिवसभर मुरू द्यायचं.

७. बॅकअप कुणालाच नको असतो. लोकांना फाइल हवी असते, तीही परवा संध्याकाळची, आणि नाव नीट आठवत नसतं. अशा वेळी टेपांपेक्षा कॅटलॉग मोलाचा ठरतो, कोणत्या टेपवर कुठे काय आहे याची ती वही. त्या वहीची प्रतही लायब्ररीबाहेर हवी. सापडल्यावरही धीर लागतो. भरलेली एलटीओ-८ टेप पूर्ण वेगाने वाचली तरी नऊ तासांच्या वर जातात. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली. प्रमाण ०.०२ टक्के होतं. ती गूगलने टेपवरून परत आणली आणि वेळ लागतोय हेही सांगितलं. ती बातमी मी कापून डेस्कवर लावली होती. कुणी ‘अजून किती वेळ?’ विचारलं की तिच्याकडे बोट दाखवायचो. विचारणाऱ्याचं समाधान कधी झालं नाही, माझं व्हायचं.

८. टेप तीस वर्षं टिकते. तिला वाचणारं यंत्र तेवढं थांबत नाही. एलटीओ-७ चा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतो, एलटीओ-८ चा एकच. फोटोंचं तसं नसतं. मालाडलाच १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणींनी बॉम्बे टॉकीज उभी केली. स्टुडिओ गेला, पण तिथले जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग यांची छायाचित्रं त्यांच्या कुटुंबाने जपली, म्हणून ती आज बघता येतात. निगेटिव्ह उजेडात धरली की चेहरा ओळखू येतो. एलटीओ-५ ची टेप उजेडात धरून मला काहीही कळत नाही, आणि हे मी करून पाहिलेलं आहे. म्हणून एकतर दर काही वर्षांनी जुना डेटा नव्या टेपांवर उतरवायचा, नाहीतर जुना ड्राइव्ह जपून ठेवायचा. आम्ही दोन्ही करतो. दर मार्चमध्ये मालमत्तेची यादी घेऊन अकाउंट्सचा मुलगा येतो आणि कपाटातल्या त्या ड्राइव्हकडे बघून विचारतो, ‘हे भंगारात लिहू का?’ मी त्याला खुर्ची देतो आणि पहिल्यापासून सांगायला घेतो. गेल्या वर्षीपासून तो उभ्या उभ्याच ‘चालू स्थितीत’ लिहितो आणि पळतो.