नकलेची नक्कल: कोणते आकडे धरायचे?

प्रश्न: 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात एका 'क्लोन'ने (पटावरच्या प्राण्याची नक्कल करणाऱ्या पत्त्याने) दुसऱ्या 'क्लोन'ची नक्कल केली तर काय होतं? विद्यानगर, हुबळी इथल्या आमच्या गटात यावरून रोज वाद होतो.

उत्तर: वाद जुना आहे. 'क्लोन' 1993च्या पहिल्याच संचात आला आणि भांडणं तेव्हापासूनच.

समजा, पटावर 'ग्रिझली बेअर्स' हे अस्वल आहे, म्हणजे 2/2 (ताकद 2, तग 2). त्यावर 'जायंट ग्रोथ' टाकलं की त्या पाळीपुरतं ते 5/5 होतं. आता आलेला क्लोन मात्र 2/2च राहतो. नक्कल छापील गुणांची होते, आणि पत्ता स्वतःच नक्कल असेल तर त्या नकलेच्या गुणांची. वाढीव ताकद आणि काउंटर मूळ पत्त्यापाशीच राहतात. दुसऱ्या क्लोनने पहिल्याकडे बोट दाखवलं तर तोही सरळ अस्वल होतो, 0/0 नव्हे. मूळ अस्वल मेलं तरी दोघे तसेच राहतात.

खरी गंमत 'व्हेसुव्हन डॉपलगँगर'ची. तो नक्कल करताना रंग घेत नाही, निळाच राहतो. आणि त्या निळ्या अस्वलाची क्लोनने नक्कल केली तर? क्लोनही निळं अस्वल होतं, शिवाय आपल्या दर पाळीच्या सुरुवातीला, अपकीपला, रूप बदलायची डॉपलगँगरची मुभाही त्याला मिळते! कारण नकलेतला अपवाद नकलेचाच भाग धरला जातो. गटातले बहुतेक वाद इथेच अडकत असावेत.