मुलांची गाडी जुनी आहे? मग एवढं पाहून घ्या



मागच्या जुलैतली गोष्ट. सहावीला घर्षणबल शिकवत होते. "घर्षण नसतं तर काय झालं असतं?" असं विचारलं. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या गाडीला एका वेळी ब्रेकच लागत नाही. काका दोन-तीनदा पाय मारतात, मग लागते." वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. त्या गाडीत रोज बारा-तेरा लेकरं येतात.

आपल्या वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या खेड्यांत एसटी वेळेवर नसली की आधार असतो तो जुन्या सुमो, बोलेरो, ट्रॅक्सचा. सुमो १९९४ साली आली. टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून तिचं नाव पडलं. २०१९ मध्ये ती बनणं थांबलं. म्हणजे आज दिसणारी प्रत्येक सुमो जुनीच. या गाड्या दणकट असतात. खाली शिडीसारखी लोखंडी चासी, मागे पाटे. म्हणून टिकतात. पण चासी टिकली म्हणजे आतलं रबर आणि तेलही टिकलं असं होत नाही.

त्या मुलीनं सांगितलं ते नेमकं काय होतं? पायडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब पडतो. द्रव सहसा दबत नाही, म्हणून तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो. पास्कलचा नियम आपण फळ्यावर शिकवतो तोच. नळीत हवा शिरली तर आधी हवा दबते, पायडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि दोन-तीनदा मारल्यावर कुठं ब्रेक धरतो. हवा शिरते ती बहुधा ऑइल गळून पातळी खाली गेल्यामुळे. जुन्या गाडीत मागच्या चाकातल्या सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला की समजावं. लायनर झिजून ड्रमपासून अंतर वाढलं तरी पायडल खोल जातं. आणखी एक : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी मिसळलेलं ऑइल लवकर उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, नुसतं वरून भरायचं नसतं.

काही जण डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात. हे फार वाईट. डिझेल गाडीत ब्रेक हलका करणारी निर्वात पोकळी इंजिनवर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद पडलं की एक-दोन ब्रेकनंतर पायडल दगडासारखं होतं.

दुसरी तक्रार गरम होण्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण मार्चच्या दुपारीही भरलेली गाडी तापते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत राहिलं की क्षार साचून नळ्या बुजतात, अगदी आपल्या घरच्या गिझरसारखं. फॅनचा पट्टा सैल, पाण्याचा पंप गळका, ही बाकीची कारणं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी अंगावर येतं. गाडी थांबली की मुलं बोनेटभोवती जमतात, तेव्हा हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

धुराचं थोडक्यात : काळा असेल तर एअर फिल्टर किंवा डिझेलची गडबड, निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. गिअर टाकून निघताना खालून 'खट्' वाजलं तर मागे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस पाहायला सांगा. टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेतल्या छोट्या उंचवट्यांच्या पातळीला टायर आला की तो संपला. हे मूलही पाहू शकतं.

आता त्या गाडीचं. मी आणि मुख्याध्यापक सर काकांना भेटलो. ते म्हणाले, "मॅडम, ऑइल टाकतो ना मी रोज!" यातच सगळं आलं. रोज टाकावं लागतं म्हणजे रोज गळतं. पण पुढचं त्यांचं बोलणं आम्हालाच लागलं : "दोन महिन्यांचे पैसे अर्ध्या पालकांनी दिले नाहीत. गाडी दोन दिवस उभी ठेवली तर लेकरं कोण आणन?" सिलिंडरचं रबर किट काही महाग नसतं, महाग पडतो तो गाडी उभी राहिलेला दिवस.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेची परिवहन समिती सांगितली आहे, अध्यक्ष मुख्याध्यापक. खरं सांगते, आमची समिती तोवर फाईलमध्येच होती. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा बसली. थकलेले पैसे गोळा झाले. दोन दिवस पालकांनी पाळीपाळीनं मोटारसायकलवर मुलं आणली. दोन्ही मागचे सिलिंडर बदलले, ऑइल नवं भरलं, हवा काढली.

टायर मात्र अजून तेच आहेत, दोन तर उंचवट्यांच्या अगदी जवळ आलेत. त्यासाठी येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. दोन पालकांनी "काका काही म्हणत नाहीत, मग तुम्ही कशाला?" असं विचारलंय. त्यांना गाडीजवळच नेऊन टायर दाखवणार आहे.