पहिली मजुरी

शिंदखेडा तालुक्यातला एक मुलगा. वय पंचवीस. बापाच्या कोरडवाहू शेतात निंदतो, कापूस वेचतो. पण हातात मजुरी कधी पडली नाही. लोक म्हणतात, "रिकामा हिंडतो." रिकामा कसा? घरच्या कामाला दाम नाही, एवढेच.

तो म्हणाला, "गुरुजी, आधी कुठे कामाला नव्हतो. मला कोण घेईल?"

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली सर्व देशासाठी झाला. वय अठरा पुरे हवे. आधीचे काम विचारायचे नाही. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता, असे त्यात लिहिले. म्हणून अर्जाची पोच घ्यायची, तारखेसकट.

त्याने अर्ज लिहिला. अक्षर चांगले. तारीखच नाही! पंधरा दिवस मोजायचे कुठून? पुन्हा लिहायला बसवला.