वेढे मोजून

आईची सहाण आमच्या फणसवाडीतल्या खोलीत अजून आहे. बाळगुटी उगाळताना आई वेढे मोजायची. हळकुंडाचे चार, वेखंडाचा एकच. बाळ जसं वाढेल तसा एखादा वेढा वाढायचा. शेजारची कुणी म्हणाली, "दोन जास्त घाला की, लवकर बाळसं धरेल," तर आई मान वर न करता म्हणायची, "चटणी वाटत नाहीये मी." आजचे बालरोगतज्ज्ञ गुटी नकोच म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण मोजण्याची ती शिस्त मी विसरले आणि २०२५चा गणपती सलाईनच्या बाटलीकडे बघत काढला.

तेव्हा माझं वय ५३, वजन ८६ किलो, साखर काठावर. चाळीचा तिसरा मजला चढताना गुडघे बोलायचे. ठाकुरद्वारच्या नाक्यावरून भाजी आणायची तर मधल्या जिन्यात पिशवी टेकवून उभी राहायचे. त्या वर्षी मार्चमध्ये मौंजारो हे वजन आणि साखर उतरवणारं औषध भारतात आलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जुलैत आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम. ही मात्रा वजन उतरवण्यासाठी नसते, पोटाला सवय लागावी म्हणून असते. तरी माझे दोन किलो गेले आणि मी हुरळले. ऑगस्टमध्ये ५ मिलिग्रॅम झालं. दोन आठवडे काटा जागचा हलेना.

त्याच सुमारास डोंबिवलीच्या वहिनीचा फोन आला. ती मौंजारोच्या १० वर होती आणि तिचे ब्लाउज सैल झाले होते. मी बोटांवर हिशेब केला: दुप्पट औषध, दुप्पट गुण. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी ५च्या दोन कुप्या एकदम टोचून घेतल्या.

रविवारी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. सोमवारी जुलाब. पाण्याचा घोटही टिकेना. मंगळवारी लघवी जवळजवळ थांबली तेव्हा मुलाने टॅक्सीत घातलं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन चढलेलं निघालं. अंगातलं पाणी आटल्याने मूत्रपिंडांवर ताण आला होता. घरी दीड दिवसाचा गणपती बसला आणि चौपाटीवर गेलाही. उकडीचे मोदक जावेने वळले.

मी सारखी विचारत होते, "डॉक्टर, यावर उतारा द्या ना." त्यांनी सांगितलं ते विसरणार नाही. गोळी वेळीच उलटून पडू शकते, टोचलेलं परत काढता येत नाही. या औषधाचा जोर निम्मा व्हायलाच पाच दिवस लागतात. आतड्यांतल्या दोन संप्रेरकांची ते नक्कल करतं, मेंदूला पोट भरल्याचं कळवतं आणि जठर हळू रिकामं होऊ देतं. मात्रा एकदम वाढवली की जठर जणू संप पुकारतं. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली: एका मात्रेवर रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच चारेक आठवडे जातात. मी दुसऱ्याच आठवड्यात निकाल मागत होते.

मग जास्त मात्रेने गुण जास्त येतो की नाही? येतो, पण हिशेब दुप्पट-तिप्पटचा नाही. २०२२मध्ये याच औषधाच्या २,५३९ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७२ आठवड्यांत ५ मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, १०वर १९.५ टक्के आणि १५वर २०.९ टक्के. माझ्या ८६ किलोंच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १३, १७ आणि १८ किलो. म्हणजे दहाचे पंधरा केल्यावर पदरात पडतो जेमतेम एक किलो. त्रासामुळे औषध सोडणारे ५वर शंभरात चार होते, १०वर सात. आणि ही सगळी माणसं वरच्या मात्रेपर्यंत टप्प्याटप्प्याने गेली होती, एका शनिवारात नव्हे.

माझ्यासारखं कुणी काटा बघून उतावीळ झालं असेल, तर एवढं ऐका.

एका मात्रेवर निदान चार आठवडे थांबा. पुढची पायरी २.५ मिलिग्रॅमचीच, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तर. आहे त्या मात्रेवर वजन उतरत असेल तर वाढवायची गरजच नसते.

दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका. सेमाग्लुटाईड या दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनची वजनासाठीची मात्रा सहसा ०.२५ पासून २.४ पर्यंत जाते, मौंजारोची २.५ पासून १५ पर्यंत. शेजारणीचं १.७ तुमच्या ५पेक्षा "कमी" नसतं, औषधच वेगळं.

मौंजारोचा वार चुकला तर चार दिवसांच्या आत घ्या, नाहीतर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. बरेच आठवडे खंड पडला असेल तर आधीच्या मात्रेवर परस्पर उडी मारू नका, विचारा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि जेवण टाळू नका. भूक मेली म्हणून नुसत्या चहावर राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मी आता आधी उसळ किंवा अंडं खाते, मग भात. संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालते. महिन्यातून एकदा विनय हॉटेलातली मिसळ होते. पूर्वी दोन पाव लागायचे, आता अर्धा उरतो.

मूत्रपिंडं सावरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा २.५ पासून सुरुवात केली. आज मी ५वरच आहे आणि वजन ७६ झालंय. वहिनी अजून विचारते, "दहा कधी घेणार?" मी तिला चटणीची गोष्ट सांगते.