आमच्यानंतर याचे काय?



घरभेटीच्या वेळी आईवडील हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. मूल तीस वर्षांचे झालेले असते, पण व्यवहार कळत नाही. दुसऱ्या घरी वडिलांना विस्मरणाचा आजार जडलेला असतो आणि बँकेतले पैसे अडकलेले असतात. आज आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. वाटा कमी होत नाही. समज कमी झाली म्हणून माणूसपण कमी होत नाही आणि हक्कही कमी होत नाही. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी समान आहेत. आजारामुळे कोणी वगळला जात नाही. अपंग व्यक्तींना मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळवण्याचा समान हक्क आहे, असे २०१६ चा कायदाही सांगतो. तेव्हा 'तिला काय कळतंय' म्हणून सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गाळणे हा अन्याय आहे. हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला तरी काम होत नाही. ज्याला व्यवहार समजत नाही, त्याने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार मुळातच रद्द असतो.

२. जन्मापासून बौद्धिक अपंगत्व असेल तर. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानंतर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. त्याने मालमत्तेचा अपहार केला किंवा हेळसांड केली, तर त्याला काढता येते. म्हणजे कायदा पालकाला मालक करीत नाही, राखणदार करतो.

३. आजार नंतर आला असेल तर. पुष्कळ जण म्हणतात, "आमच्याकडे बाबांचे कुलमुखत्यारपत्र आहे." पण देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की ते पत्रही संपते. नेमकी गरज असते तेव्हाच ते उपयोगी पडत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ चा नवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला, त्यात ती उरली नाही. म्हणून विस्मरण किंवा कोमाच्या प्रसंगी कुटुंबे मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करतात. न्यायालय डॉक्टरांचा अहवाल पाहते, इतर वारसांचे म्हणणे विचारात घेते आणि पती, पत्नी किंवा मुलांपैकी कोणाला तरी पालक नेमते. २०१६ च्या कायद्यात 'मर्यादित पालक' अशीही तरतूद आहे. त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचे असतात.

४. आपण धडधाकट असताना. मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे रद्द होते. म्हणून साक्षीदार बाहेरचा घ्यावा. अपंग मुलाचा वाटा विश्वस्तांच्या हाती ठेवून, त्यातून त्याचा औषधपाणी व राहण्याचा खर्च व्हावा, असे लिहिता येते. विश्वस्त एकच नसावा. दोन असले की एकाचे दुसऱ्यावर लक्ष राहते.

भावंडांनो, आजारी भावाला वर्षानुवर्षे जेवू घालणारी वहिनी आणि दूर राहून वाटा मागणारा भाऊ यांच्यात कटुता येते, हे आम्ही पाहतो. सेवा करणाऱ्याला खर्च मिळालाच पाहिजे. पण तो हिशेबात लिहून मिळावा, जमीन नावावर करून नव्हे. लिहिलेला हिशेब सेवा करणाऱ्याचेही रक्षण करतो.

या आठवड्यात कुटुंबात बसून तीन गोष्टी करा : मालमत्तेची यादी लिहा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जपून ठेवा आणि पुढे कोण सांभाळील हे मोकळेपणाने बोला. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अपंग व्यक्तींना आणि स्त्रियांना तेथे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे.